वाचणावळ

महाडला चवदार तळ्याच्या मागच्या गल्लीत रघुवीरने दोन कॉम्प्युटर मांडून इंटरनेटची पाटी लावली, तेव्हा सगळ्या आळीने त्याला वेड्यात काढलं. साल दोन हजार. एमआयडीसीतला केमिकलचा कारखाना बंद पडलेला, स्टोअरकीपरची नोकरी गेलेली, आणि हा बाबा कारखान्याकडून मिळालेली सगळी रक्कम दोन डबड्यांत घालून बसला! बायको जाऊन काही वर्षं झालेली, मूलबाळ नाही, भाऊ पुण्याला आपल्या संसारात. अडवणार कोण? दुकानाच्या मागे एक खोली, तिथेच खाट, तिथेच स्टोव्ह. पण खोटं कशाला बोला, सुरुवातीला त्याचं झकास चाललं.

तासाला साठ रुपये हा त्याचा भाव. आज ऐकून तुम्ही डोक्याला हात लावाल, पण तेव्हा दुसरं दुकान होतंच कुठे? बिरवाडीत खोल्या घेऊन राहणारी कारखान्यांतली पोरं रविवारी सकाळपासून पायरीवर बसायची. कुणाला नोकरीचा अर्ज धाडायचा असायचा, कुणाला नुसतंच बघायचं असायचं. मोडेम किरकिरायला लागला की सगळे माना लांब करायचे आणि ‘लागला, लागला’ म्हणून ओरडायचे. रघुवीर कुणाला जेवलास का विचारी, कुणाच्या बहिणीच्या लग्नाचं कुठवर आलं ते विचारी. रोज एकट्यापुरता भात टाकणाऱ्या माणसाला रविवारचा तो गलका म्हणजे सणच होता. पैसे मिळत होते ते वेगळेच.

मग बिरवाडीतच मुकुल नावाच्या एका किराणावाल्याच्या मुलाने दुकान काढलं. पाच मशिनं, गुबगुबीत खुर्च्या, भाव चाळीस. रघुवीरने पस्तीस केला. मुकुलने तीस. रघुवीरने पंचवीस. इकडे पाटी पुसली की दुसऱ्या दिवशी तिकडची पुसलेली! पंधरावर येऊन रघुवीरचा खडू थांबला, कारण त्याच्या खाली टेलिफोनचं बिलसुद्धा सुटत नव्हतं. आणि एवढं करून उपयोग काय झाला? त्या बिरवाडीच्या पोरांतला एक रस्त्यात भेटला, तो तोंडावरच म्हणाला, "काका, तुम्ही फुकट दिलंत तरी मला महाग पडतं. तुमच्याकडे यायला रिक्षालाच जास्त जातात." त्याचंही बरोबर होतं म्हणा. पण रघुवीरला आपलं वाटलं होतं, निदान एखादा तरी सवयीने येईल. एक मेला फिरकला नाही.

राहिली ती डोंगरावरची माणसं.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला, कापडे गावाच्याही वर ज्या वाड्या आहेत, तिथली बरीच पोरं तेव्हा आखातात गेली होती. तिकडून फोन लावायचा म्हणजे दिवसाची मजुरी दोन मिनिटांत खलास. कागदाचं पत्र यायला तीन-तीन आठवडे. म्हणून ती पोरं तिकडच्या एखाद्या सायबरमध्ये बसून इंग्रजी अक्षरांत मराठी ईमेल लिहायची, आणि इकडे त्यांचे आईबाप रघुवीरकडे येऊन ती वाचून घ्यायचे.

आता यातली खरी मेख ऐका. ईमेल यायचं तर ज्याचं त्याचं खातं हवं. पण त्या काळी एक खातं उघडायचं म्हणजे अर्धा तास मोडेमशी झोंबी, आणि तासाला साठ म्हटल्यावर नुसत्या खात्याचेच तीस रुपये व्हायचे. म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून तीस रुपये कसे घ्यायचे? रघुवीरला लाज वाटली. त्याने सगळ्यांना स्वतःच्याच खात्याचा पत्ता देऊन टाकला. पोरांना कळवलं, वरती गावाचं आणि आईचं नाव घाला म्हणजे झालं. चांगुलपणानेच केलं हो त्याने, त्यात काही काळंबेरं नव्हतं. पण झालं काय, की वाड्यांवरच्या माणसांची ठाम समजूत झाली, पत्र येतं ते रघुवीरच्या यंत्रात. पोस्टात जसं ज्या त्या गावचं टपाल त्याच पोस्टात येतं ना, तसं. दुसरीकडच्या यंत्रात ते कसं सापडणार? आणि ही समजूत खोडून काढायची वेळ तेव्हा आली नाही, कारण त्यांच्या वाटेवर दुसरं यंत्रच नव्हतं.

या सगळ्यांत नेमाने येणारी म्हणजे चिमाबाई. कापड्याच्या वरच्या वाडीतली, साठीला टेकलेली, दोन म्हशी आणि डोंगरउतारावरचं थोडं भात एवढ्यावर एकटी घर चालवणारी. नवरा केव्हाच गेलेला. एकुलता एक चंदू मस्कतला बांधकामावर. शुक्रवारी त्याला सुट्टी, तेव्हा तो लिहायचा, आणि सोमवारी ही वाडीवरून उतरून कापड्याला यायची, तिथून एसटीने पोलादपूर, आणि पोलादपूरला गाडी बदलून महाड. ‘वाचणावळ’ हा शब्दही तिचाच. शिवायचे पैसे ती शिवणावळ, मग वाचायचे पैसे ती वाचणावळ, तिचा सरळ हिशेब. पत्रामागे पंधरा रुपये वाचणावळ रघुवीर घेत असे. भाडं त्याहून जास्त व्हायचं, ते तिचं तीच जाणे.

"काय रे रघुभाऊ, आला का माझ्या चंदूचा कागुद?" पायरीवरूनच तिचा आवाज यायचा.

मग रघुवीर तिला खुर्ची द्यायचा, आत जाऊन चहा टाकायचा, आणि पत्र दोनदा वाचायचा. एकदा नुसतं, एकदा थांबत थांबत. चंदू काय, ‘मी बरा आहे, काळजी करू नको, इकडे ऊन फार’ याच्यापलीकडे लिहीत नसे. पण त्या चार ओळींवर दोघांचा तास जायचा. म्हैस आटली का, शेजारणीने बांध कोरला का, चंदूला मुलगी बघायची ती कुठली, सगळं रघुवीरला ठाऊक. कधी ती पिशवीतून खरवस काढायची, कधी नाचणीची भाकरी. "खा रे. किती सुकलास! करून घालनारं कोन नाय तर मानसानं असंच ऱ्हायाचं काय?" असं कुणी त्याला दटावून वर्षं झाली होती. तो सोमवार सोडला तर आठवडाभर त्याच्या तोंडून निघायचं ते ‘किती वेळ बसलात’ आणि ‘सुट्टे द्या’. बाकी बोलायचं कुणाशी? भिंतीशी?

हळूहळू वाड्यांवरची बाकीची माणसं गळत गेली. कुणाच्या घरी फोन आला, कुणाचा मुलगा परत आला. उरली चिमाबाई. आणि अशातच पोलादपूरला एसटी स्टँडच्या समोर नीलेशने आपल्या एसटीडी बूथमध्ये कॉम्प्युटर आणून ठेवला.

ही बातमीही चिमाबाईनेच आणली. चहा बशीत ओतता ओतता म्हणाली, "पोलादपुरात नीलेशनं बी तुज्यासारखंच यंत्र आनलंय. वाचनावळ धाच घेतो म्हनं. माझी गाडी तितंच तर बदलते. पन माजे कागुद पडले तुज्याकडं, त्याला काय करनार?"

झालं! इथेच सांगायचं होतं. ‘चिमाबाई, पत्र कुठल्याही यंत्रात उघडतं, मी तुम्हाला तुमचं खातं काढून देतो, उद्यापासून पोलादपूरलाच वाचून घ्या.’ एवढंच वाक्य. ते रघुवीरच्या ओठांवर आलंही होतं. पण त्याला पुढचा सोमवार दिसला. रिकामी खुर्ची, एकच कप. तो म्हणाला, "हो ना."

दोन अक्षरं. त्याला वाटलं, आपण खोटं तर काही बोललो नाही! माणूस स्वतःला किती छान फसवतो पाहा. पुढे जवळजवळ वर्षभर ती बाई नीलेशच्या दारासमोर गाडी बदलत राहिली, महाडपर्यंतचं जास्तीचं भाडं मोजत राहिली, आणि दर सोमवारी रघुवीर ठरवत राहिला, पुढच्या सोमवारी सांगू. पंधराचे दहा मात्र त्याने लगेच केले. तेवढ्याने मनाला जरा बरं वाटायचं.

पुढच्या श्रावणात महाड-पोलादपूर रस्त्यावर दरड आली. सोमवार होता. रघुवीरने आदल्या दिवशीच चहासाठी दूध जास्त सांगितलेलं. दुपार होत आली तरी चिमाबाईचा पत्ता नाही. तेवढ्यात फोन वाजला.

"काका, मी नीलेश, पोलादपूरहून. तुमची चिमाबाई इथे बसलीय माझ्याकडे. गाड्या बंद आहेत. तुमच्या खात्याचा पासवर्ड देता का? मी इथेच उघडून वाचून दाखवतो. मला वाचणावळसुद्धा नको."

पोराच्या आवाजात काही डाव नव्हता, हे रघुवीरला कळत होतं. तेच तर जास्त झोंबलं. मागे चिमाबाईचा आवाज येत होता, "इचार रे, इचार, आलाय का कागुद!" तिला अजून वाटत होतं, नीलेश रघुवीरला यंत्रात डोकावून बघायला सांगतोय.

"पत्र आलेलंच नाही," रघुवीर म्हणाला आणि फोन ठेवला.

त्याने बघितलंही नव्हतं. सकाळपासून मोडेम लागत नव्हता. संध्याकाळी मोडेम लागला, आणि खात्यात चंदूचं पत्र होतं. या वेळी लांबलचक. कंपनी दोन वर्षांच्या नव्या करारावर सही करायला सांगते आहे. नाही केली तर ते तिकीट काढून परत पाठवतील. त्याचं मन होत नाही, इथे राहून जीव कंटाळला, पण रिकाम्या हाताने आलो तर गाव काय म्हणेल? ‘आये, तू सांग. तू ये म्हणालीस तर येतो. गुरुवारपर्यंत तुझं उत्तर आलं नाही तर मी सही करतो.’

रघुवीरने ते पत्र दोनदा वाचलं. ऐकायला समोर कुणी नव्हतं तरी दोनदा.

आता तुम्हाला त्या माणसाच्या मनातलं सांगतो, त्याने कधी कुणाला सांगितलं नाही ते. त्याच्या मनात आलं, आपण गप्प बसलो तर चंदू सही करील. सही केली तर आणखी दोन वर्षं तिकडे. दोन वर्षं पत्रं येत राहतील. दोन वर्षांचे सोमवार! दरड काय, आज ना उद्या उपसतील. ती येईल, आपण वाचून दाखवू, म्हणू, अरेरे, उशीर झाला. रस्ताच बंद होता, कुणाचा दोष? आणि कुणाला कळणारही नव्हतं. हा विचार त्याला सुचला, आणि चांगला वाटला, आणि मग स्वतःचीच अशी किळस आली की त्या रात्री त्याला भात गिळेना.

मंगळवार त्याने तसाच घालवला. बुधवारी सकाळी त्याने पोलादपूरला फोन लावला.

"नीलेश, पत्र आलंय. चिमाबाईला खाली बोलाव, कसंही करून. कापड्याच्या गाडीच्या ड्रायव्हरला सांग, तो वाडीत निरोप धाडील. उद्याच्या आत उत्तर जायला हवं. पासवर्ड लिहून घे."

एकेक अक्षर सुटं करून त्याने पासवर्ड सांगितला. शेवटचं अक्षर त्याला दोनदा सांगावं लागलं.

"काका, अहो, मग हे आधीच का नाही केलंत?" नीलेश सहज म्हणाला. "बाई उगीच हेलपाटे घालत होती."

"हो ना," रघुवीर म्हणाला.

गुरुवारी दुपारी त्याने खातं उघडलं तेव्हा उत्तर गेलेलं होतं. नीलेशने लिहिलेलं, चिमाबाईचं. ‘ये. गाव कायबी म्हनूदे. मी हाय ना.’ रघुवीरला खूप बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. आणि मग तो तसाच कितीतरी वेळ पडद्याकडे बघत बसला, कारण त्या खात्यात आता त्याच्यासाठी काहीच येणार नव्हतं.

रस्ता सुरू झाल्यावर पहिल्याच सोमवारी चिमाबाई आली. पायरीवरून हाक नाही, काही नाही. एकदम दारात उभी. रघुवीर गडबडीने उठला, खुर्ची पुढे केली.

"बसाय नाय आले," ती म्हणाली. "इचाराय आले. नीलेशनं समदं सांगितलं मला. कागुद कुटंबी उघडतो म्हनं. तुला ठावं हुतं?"

"होतं."

"कवापासनं?"

"पहिल्यापासून."

"मंग वरीसभर मला हितं का बोलावलंस रे?"

आता तरी गप्प बसावं, नाहीतर खरं सांगावं! पण घाबरलेला माणूस नको तेच बोलतो. रघुवीर म्हणाला, "मी कुठे बोलावलं? तुम्हीच येत होतात."

चिमाबाईचा चेहरा असा झाला, जणू कुणी तिच्या अंगावर पाणी टाकलंय. शिव्या दिल्या असत्या तरी त्याला चाललं असतं, चार माणसांत ओरडली असती तरी चाललं असतं. ती फक्त वळली, पदर खांद्यावर घेतला आणि स्टँडच्या दिशेने निघून गेली. पुढची गाडी सुटायला बराच वेळ होता. इतके दिवस तो वेळ ती त्याच्याकडे बसून काढायची.

त्यानंतरचे दिवस कसे गेले म्हणून सांगू! रघुवीरने भाव दहा केला, मग पाच केला. पाच रुपयांत तासभर! कुणाला पडलीय? शाळेतली दोन पोरं यायची, पत्त्यांचा खेळ खेळायची, त्याच्याकडे पाठ करून. त्यांच्या पाठीकडे बघत तो संध्याकाळ करायचा. चहा एकट्यापुरता टाकायचा तर अंदाज चुकायचा, दर वेळी कपभर जास्त व्हायचा. तोही तोच प्यायचा, गार झाल्यावर. जीव नुसता खायला उठायचा. मनातल्या मनात तो चिमाबाईला सगळं समजावून सांगायचा, अगदी मुद्देसूद, आणि शेवटी तेच एक वाक्य त्याला ऐकू यायचं, मी कुठे बोलावलं.

नीलेशने चिमाबाईला तिचं स्वतःचं खातं काढून दिलं होतं. ते उत्तर रघुवीरच्या खात्यातून गेलं, त्यातच चंदूला तो नवा पत्ता कळवलेला, त्यामुळे रघुवीरलाही तो दिसत होता. बरेच दिवस तो नुसता त्या पत्त्याकडे बघायचा. मग एका सकाळी बसला आणि लिहायला लागला. पानभर लिहिलं. बायकोबद्दल लिहिलं, रविवारच्या गलक्याबद्दल लिहिलं, रिकाम्या खुर्चीबद्दल लिहिलं. मग त्याच्या ध्यानात आलं की हे सगळं नीलेश मोठ्याने वाचणार, बूथमध्ये गाडीची वाट बघत बसलेल्यांसमोर. त्याने ते सगळं काढून टाकलं आणि दोनच ओळी ठेवल्या. ‘चिमाबाई, माझं चुकलं. मला तुम्ही यायला हव्या होतात म्हणून मी सांगितलं नाही. म्हैस व्याली का?’

पाठवून टाकलं.

पहिला सोमवार गेला, काही नाही. दुसरा गेला. आपण आशा सोडली असं रघुवीर स्वतःला सांगायचा आणि तासातासाला मोडेम लावून बघायचा, बिलाची पर्वा न करता. तिसऱ्या सोमवारी दुपारी उत्तर आलं. नीलेशने इंग्रजी अक्षरांत ती बोलेल तसं जसंच्या तसं उतरवलं होतं.

‘रघुभाऊ, म्हस व्याली, पारडी झाली. चंदू दिवाळीच्या आदुगर येतो. मधी भाताची खुरपनी निघाली म्हून दोन सोमवार खाली आले नाय. तुजा कागुद आज आयकला. नीलेशनं त्याचे धा रुपये घेतले, चंदूच्या कागदाचे धा येगळे. मला परवडत नाय, आता तू कागुद टाकू नको. तू बोलावलं नाय, तरी मी वरीसभर आले. आता मी बोलावते, तू ये. वाडीपतुर चढ हाय, बसत बसत ये.’

रघुवीरने चष्मा काढला, पुसला, परत घातला. दुकानात कुणी नव्हतं. खेळणारी पोरंही शाळेत गेलेली. त्याने उत्तराचं पान उघडलं आणि लिहिलं, ‘येतो.’

पाठवायला बोट ठेवलं, आणि तसंच थांबलं. हे एवढं ‘येतो’ वाचायचेसुद्धा नीलेश तिच्याकडून दहा रुपये घेणार होता. रघुवीरने ते पुसलं, मशीन बंद केलं आणि खाटेखाली वाकून चपला शोधायला लागला.